नाही हो, चीनची नाही ती प्लेट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्लंडमधल्या स्टोक या गावी आमच्या घरी जेवायला येणारं प्रत्येकजण भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या प्लेटकडे बघून विचारतं, चीनला कधी गेला होतात? नाही गेलो. हा विलो पॅटर्न, इथलाच, इंग्लंडचा. चिनी भांडी बघून 1790 च्या सुमारास इथल्या कारागिरांनी जुळवलेला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, कोबाल्टचा निळा रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घेऊन तो भाजलेल्या प्लेटवर घासून उतरवायचा, मग वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. माझ्या प्लेटच्या काठाला एका जागी नक्षी जुळत नाही बघा, तिथे कागदाची दोन टोकं भेटलीत.

पण हे मला उशिरा कळलं. चॅरिटी शॉपमधल्या, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानातल्या बाईंनी प्लेटवरच्या चित्राची गोष्ट सांगितली होती, श्रीमंत मँडरिनची, म्हणजे चिनी सरकारी अधिकाऱ्याची मुलगी बापाच्या कारकुनाबरोबर पळते, पुलावर ती दोघं आणि मागे चाबूक घेतलेला बाप, शेवटी दोघांची कबुतरं होतात. लेकीला मी तीच चीनची जुनी गोष्ट म्हणून सांगत त्याच प्लेटमधून भरवायचे. वरण-भात संपत आला की पूल दिसायचा.

सात वर्षांची असताना तिने ती शाळेत सांगितली. वर्गातली चिनी मुलगी म्हणाली आमच्यात अशी गोष्टच नाही. शाळेतल्या बाईंनी शोधून सांगितलं, चित्र आधीचं, गोष्ट इंग्रजांनी नंतर रचलेली, 1849 मध्ये इथल्या नियतकालिकात छापून आलेली. घरी येऊन दप्तरही न काढता म्हणाली, आई तू खोटं सांगितलंस. मी चिडले, म्हटलं काऊचं घर शेणाचं होतं ते तरी खरं का? तर म्हणे, ते तू दुसऱ्यांचं म्हणून नाही सांगत.

पुढे कित्येक दिवस तिने त्या प्लेटला हात लावला नाही. मग मीच ती भिंतीवर लावली.

मला माहीत नव्हतं, हे खरंच आहे. पण विचारावंसंही वाटलं नाही कधी, हेही खरं. आमचंही लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालेलं, त्या पुलावरच्या दोघांना मी कधीच माझं करून टाकलं होतं. ते चुकलं का? अजून कळत नाही.

आता कोणी विचारलं तर इंग्लंडची म्हणते. वरच्या दोन पक्ष्यांचं विचारलं की मात्र गोष्ट सुरू करते, आणि लेक घरात असली तर मधेच थांबते.