बीदरचा चौबारा: मनोरा कुणी बांधला, आणि तो बघायला जाताना काय टाळायचं

बीदरच्या चौबाऱ्यावर चढायला मिळेल या आशेवर निघाला असाल तर आधीच सांगतो, दाराला कुलूप असतं. आत ऐंशी पायऱ्यांचा गोल जिना आहे, वर गेलं की सगळं पठार दिसतं, असं जिथे तिथे लिहिलेलं सापडतं आणि ते वाचूनच मी गेलो होतो. सकाळी कुलूप, दुपारी कुलूप. किल्ली कुणाकडे असते हे विचारत फिरलो तर प्रत्येकाने वेगळ्या दिशेला बोट दाखवलं. वर जाण्याचं वर्णन लिहिणाऱ्यांनी शेवटी एक ओळ कुलपाचीही लिहायला हवी होती.

तरी जाच. गावाच्या ऐन मध्यावर, भर बाजारात, चार रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे बावीस मीटर उंचीचा गोल मनोरा उभा आहे आणि तो कुणी, कधी, कशासाठी बांधला हे छातीठोकपणे सांगता येईल असा पुरावा नाही. आपल्याकडे एवढी मोठी वास्तू म्हटली की निदान एखादा शिलालेख असतो. इथे बांधणीचं साल सांगणारं अक्षर नाही. मला ओढ लागली ती याचीच.

महाराष्ट्रातून पोचणं सोपं आहे. मुंबईहून लातूरमार्गे थेट बीदरपर्यंत रात्रीची गाडी आहे (रोज नाही, वार बघून घ्या), आणि लातूर-उदगीरकडच्यांना एसटी किंवा रेल्वे दोन्ही चालतं. भाषेची काळजी करू नका. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. बाजारात दख्खनी उर्दू आणि कानडी चालते, पण दुकानदाराशी मराठीत सुरुवात केली तर बहुतेक वेळा उत्तर मराठीतच येतं. दामाजीपंतांची गोष्ट ऐकून वाढलेल्यांना तर हे गाव ओळखीचंच आहे. मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लुटू दिली म्हणून ज्या बेदरच्या बादशहाने पंतांना धरून आणायला सांगितलं आणि ज्याच्या दरबारात विठोबाने विठू महाराच्या रूपाने जाऊन पैसे भरले, ते बेदर म्हणजे हेच.

आता रिक्षा. यावर सविस्तर लिहितो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि संताप इथेच खर्च झाला. स्टेशनबाहेर पडलात की 'चौबारा, मदरसा, किल्ला, अष्टूर, सब दिखाते' अशी एकरकमी बोली सुरू होते. माझ्याकडे बाराशे मागितले, नऊशेवर उतरले. मी बसलो. गावात शिरल्यावर त्या माणसाने मनोऱ्याभोवती रिक्षा एकदा गर्रकन फिरवली, वेग न कमी करता 'ये चौबारा' म्हणाला आणि पुढे निघाला. थांब म्हटलं तर 'यहाँ रुकने नहीं देते'. अर्धा मिनिट. ज्यासाठी रात्रभराचा प्रवास केला ती वास्तू अर्ध्या मिनिटात दाखवून झाली! पुढच्या वळणावर उतरलो, बराच वाद झाला, अखेर साडेतीनशे देऊन सुटका करून घेतली. स्टेशन ते चौबारा एवढ्याच अंतराचे दुसऱ्या दिवशी मी ऐंशी रुपये दिले.

म्हणून नियम सरळ आहे. एकरकमी रिक्षा करू नका, कितीही स्वस्त वाटली तरी. फक्त चौबाऱ्यापर्यंत भाव ठरवा, बसण्याआधी ठरवा आणि तिथे उतरा. तिथून बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा चालत दहा मिनिटांवर आहे आणि त्याच रस्त्याने सरळ गेलं की किल्ला. धडधाकट माणसाला या टप्प्यासाठी वाहन लागत नाही. रिक्षा खरी लागते ती बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत त्या अष्टूरला, कारण तो रस्ता उघडा आहे आणि मधे सावली फारशी नाही. ती जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट वेगळी ठरवा.

दुसरी सूचना वेळेची. संध्याकाळी पाच ते आठ चौबाऱ्याजवळ जाऊच नका. चारही बाजूंनी दुचाक्या, हातगाड्या, टमटम येतात, सगळे मनोऱ्याला वळसा घालतात आणि मान वर करून बघायला उभं राहायला वीतभर जागा उरत नाही. मी एक संध्याकाळ तिथे घालवली आणि धक्के आणि हॉर्न यांपलीकडे हाती काही लागलं नाही. सकाळी सहा ते साडेसात ही एकच खरी वेळ. दुकानांची शटरं खाली असतात, तळाचा घेर दिसतो, कमानी दिसतात, आणि कुणाच्या पायात न येता पूर्ण प्रदक्षिणा घालता येते.

त्या सकाळी काय बघायचं ते सांगतो. खाली रुंद गोल चौथरा, त्याच्या अंगात कमानीचे कोनाडे. त्यावर जाड गोल मनोरा, वर जाताना किंचित निमुळता होत गेलेला. वरचं घड्याळ फार नंतरचं आहे, त्यावरून वयाचा अंदाज बांधू नका. हे घड्याळ बघूनच बरेच लोक त्याला 'टॉवर' म्हणून मोकळे होतात आणि पुढे जातात.

मूळ कुणाचं, याची तीन उत्तरं तुम्हाला ऐकायला मिळतील आणि तिन्ही सांगणारे अगदी ठाम असतील.

एक म्हणजे टेहळणीचा बुरूज. बीदर पठाराच्या कडेवर वसलेलं आहे, मध्यभागी उंच मनोरा असला की चहूकडचं दिसणार, हे पटतं. माझी शंका अशी की तटबंदी आणि किल्ल्याचे बुरूज कडेवरच आहेत. शत्रू येताना आधी त्यांना दिसेल. गावाच्या पोटातल्या मनोऱ्याचा उपयोग बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या वस्तीवर नजर ठेवायला, इशारा द्यायला जास्त झाला असणार.

दुसरं म्हणजे ही मुसलमानी अमलाच्या आधीच्या एखाद्या देवळाची दीपमाळ. हे मला एका स्वयंघोषित गाइडने दोनशे रुपये घेऊन सांगितलं आणि मराठी माणूस दिसला म्हणून जरा जोर देऊनच सांगितलं. गोल, निमुळता, चौथऱ्यावरचा खांब दिसला की आपल्याला जेजुरी आठवते हे खरं आहे. पण नीट बघा. दीपमाळेला पणत्या ठेवायला बाहेर आलेले हात असतात, ते इथे मला कुठे दिसले नाहीत. आपल्या बहुतेक दीपमाळा भरीव असतात, हिच्या पोटात जिना आहे. आणि जाडी इतकी की दिव्यांसाठी एवढा दगडचुना कुणी ओतेल असं वाटत नाही. बीदर हे बहमनींच्या आधीचं गाव आहे याबद्दल वाद नाही. तुघलकांनी ते काकतीयांकडून चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात जिंकलं. तेव्हा इथे जुनं काही उभं असणं शक्य आहे. पण 'शक्य आहे' म्हणजे 'होतंच' नव्हे, आणि त्यासाठी दोनशे रुपये तर अजिबात नाहीत.

तिसरं उत्तर गुलाम याझदानींचं. निजामाच्या राज्यातल्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख होते, बीदरच्या वास्तूंचा त्यांनी केलेला अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि आजही सगळे त्यांच्याच खांद्यावर उभे आहेत. त्यांचा कल चौबारा अहमदशाह वली बहमनीच्या काळातला, म्हणजे १४२२ ते १४३६ मधला असण्याकडे आहे. याच अहमदशाहने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली.

मला हे पटलं, आणि ते मनोऱ्याकडे बघून नाही, रस्त्यांकडे बघून. सकाळी चौथऱ्याशी उभे राहा आणि चारही दिशांना आळीपाळीने बघा. रस्ते गावात आपोआप वाढलेल्या गल्ल्यांसारखे वाकडेतिकडे येऊन मिळत नाहीत. ते एका बिंदूवर काटकोनात येतात आणि गावाचे चार भाग करतात. या चार भागांना जुन्या बीदरात चार तालमींची नावं आहेत: सिद्दीकशाह तालीम, नूरखान तालीम, मनियार तालीम, पानसाल तालीम. कुस्तीच्या आखाड्यांवरून पेठा ओळखायची सवय पुणे-कोल्हापूरकरांना नवीन नाही. मधोमध चौक, त्यावर खूण, चार बाजूंना बाजार, ही इराणी शहरांतली रचना आहे आणि अहमदशाहच्या दरबारात इराणमधून आलेली माणसं भरपूर होती. किर्मानच्या शाह नियामतुल्ला या सूफी संताचं घराणं त्याने आवर्जून बोलावून घेतलं. एवढं आखून वसवलेलं शहर आणि त्याच्या बरोब्बर मध्यावरचा मनोरा, हे दोन वेगळ्या काळांत वेगवेगळ्या हेतूंनी घडलं असेल असं मानणं मला जड जातं. उलटही घडू शकतं, मनोरा आधीचा आणि रस्ते त्याला धरून आखलेले. तसं असेल तर चौथरा आणि मनोरा यांच्या बांधकामात सांधा दिसायला हवा. गिलाव्यामुळे बाहेरून तो मला शोधता आला नाही. कुणाला जिन्याने आत जायची परवानगी मिळालीच, तर पहिल्या आठ-दहा पायऱ्यांच्या भिंतींचे फोटो जवळून काढा. वरच्या देखाव्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

तुलनेसाठी दोन ठिकाणं डोक्यात ठेवून जा. दौलताबादचा चाँद मिनार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. तो अहमदशाहच्या मुलाच्या, अलाउद्दीनच्या काळातला, १४४५च्या सुमारासचा, दोनशे फुटांहून उंच आणि सज्जांनी नटलेला. रायचूरच्या एक मिनार की मशिदीचा मनोरा १५१३चा, तोही निमुळता आणि आत जिना असलेला. या दोघांपुढे चौबारा जाडजूड आणि साधा आहे. घराणं तेच वाटतं, पण आधीच्या पिढीतलं, नक्षीची हौस यायच्या आधीचं. हे माझं मत आहे.

चौबाऱ्यावरून मदरशाकडे चालत गेलात की फरक आणखी कळतो. महमूद गावानने १४७२ साली बांधलेल्या त्या इमारतीच्या भिंतीला निळ्या-पांढऱ्या इराणी फरशांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटात अर्धा भाग उडाला, दोनपैकी एकच मनोरा उरला. तरीही तिचा मालक, तारीख, हेतू सगळं माहीत आहे. आणि आपला चौबारा जवळजवळ धड उभा असून त्याचं काहीच माहीत नाही. मी त्या रस्त्याने पुन्हा उलटा चालत आलो आणि पुन्हा मनोऱ्याशी जाऊन उभा राहिलो. पाय दुखत होते, पण राहवलं नाही. जमलं तर तुम्हीही मदरसा झाल्यावर परत या.

किल्ला उत्तम आहे, अर्धा दिवस द्या, खडकात खोदलेला तिहेरी खंदक चुकवू नका. रंगीन महाल बंद असतो, आतल्या संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर उघडून दाखवतात, मला दाखवला. अष्टूरला अहमदशाहच्या कबरीतली रंगकामं बघायला चांगला टॉर्च न्या. मोबाइलचा उजेड घुमटापर्यंत पोचत नाही. तिथली देखरेख करणारी माणसं आरशाने ऊन आत पाडून दाखवतात, त्यांना खुशीने पैसे द्या, ते पैसे सत्कारणी लागतात. बाकी तो दिवस निवांत गेला.

बिदरी, म्हणजे इथल्या चांदी जडवलेल्या काळ्या वस्तूंची खरेदी करणार असाल तर चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत प्रत्यक्ष काम चालतं ती दुकानं शोधा. जस्त-तांब्याच्या ओतीव वस्तूवर चांदी ठोकताना बघायला मिळते, शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो काळा रंग येतो. कारागिरासमोर बसून घेतलेल्या डबीचा भाव रस्त्यावरच्या चकचकीत दुकानापेक्षा कमी पडला, आणि काम उजवं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. गाव उंचावर असल्याने सकाळी गारवा असतो, दुपारी मात्र दगड तापतो, पाणी जवळ ठेवा. मुक्काम तटाच्या आत किंवा जवळ मिळाला तर घ्या, नव्या वस्तीत स्टेशनकडे राहिलात तर पहाटेची चौबाऱ्याची वेळ गाठायला पुन्हा रिक्षावाल्याशी घासाघीस आली, आणि पहाटे त्यांचा भाव दुप्पट असतो.