आंब्याची पेटी ते शवपेटी – आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप वेंगुर्ल्यापासून थोडं आत, वाडीतच आहे. बाबांनी सुरू केलं तेव्हा त्याला वर्कशॉप वगैरे कोणी म्हणत नव्हतं, सुताराची खोप म्हणायचे. फेब्रुवारी ते मे आंब्याच्या पेट्या ठोकायच्या, पावसाच्या आधी दारं-खिडक्यांची डागडुजी, गणपतीच्या आधी मखराची आणि पाटांची कामं, आणि मधे कोणाचं घर बांधून होत असेल तर चौकटी. पोट भरायचं ते पेट्यांवर. मी शाळेत असताना सुट्टीत दिवसाला किती पेट्या ठोकायचो ते आता आठवत नाही पण उजव्या हाताच्या अंगठ्याला जो घट्टा पडला तो अजून आहे.

मग पुठ्ठ्याचे खोके आले. हलके, वर छापील नाव, आणि बागायतदाराला स्वस्त पडायचे, त्यात त्याची काही चूक नाही. पण आमच्या दोन-तीन सीझनमध्ये पेट्यांच्या ऑर्डर इतक्या खाली आल्या की बाबांनी दोन माणसं कमी केली आणि मी कुडाळला फर्निचरच्या दुकानात कामाला लागलो.

शवपेटीचं काम आमच्याकडे ठरवून आलं नाही. 2014 च्या जुलैत आमच्या शेजारची मावशी गेली. ख्रिश्चन कुटुंब, आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक गडगा. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. पेटी नेहमी बाहेरून यायची, त्या रात्री पाऊस असा की रस्त्यात झाड पडलेलं, गाडी येईना, आणि दुसऱ्या दिवशी चारला माती द्यायची वेळ ठरलेली. तिचा मुलगा रात्री साडेनऊला आमच्या पडवीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, दादा, तूच कर रे, आईला तुझ्या हातची चालेल. नाही कसं म्हणणार.

आमच्याकडे रायवळ आंब्याच्या सुक्या फळ्या होत्या, पाऊण इंची. पण सहा कोनांची पेटी, खांद्याशी रुंद आणि पायाकडे निमुळती, अशी मी कधी बनवली नव्हती, बाबांनी पण नाही. मी मोबाईलवर शोधलं आणि एक इंग्रजी गाइड मिळालं, ड्रॉइंगसकट, दिसायला एकदम व्यवस्थित. आतून लांबी 70 इंच, डोक्याकडे 14, खांद्याशी 22, पायाकडे 12, डोक्यापासून खांदा 18 इंचावर. आणि खांद्याच्या सांध्यावर लिहिलं होतं 18 डिग्री. मी दोन्ही फळ्यांच्या धारा 18 ला कापल्या. जोडायला घेतल्या तर बाहेरून टेकतायत आणि आतून दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट, दाबून मिटवावी तर पायाकडची टोकं एकमेकांत घुसतायत. रात्रीचे साडेबारा. चांगल्या दोन फळ्या वाया गेल्या होत्या.

नंतर मी कागदावर काढून बघितलं तेव्हा कळलं. डोक्याकडून खांद्यापर्यंत 18 इंचात प्रत्येक बाजू 4 इंच बाहेर जाते, तो कोन साडेबारा डिग्री, खांद्यापासून पायापर्यंत 52 इंचात 5 इंच आत येते, तो साडेपाच. दोन्ही मिळून वळण 18 च, गाइड खोटं नव्हतं. पण वळण 18 असेल तर ते दोन फळ्यांत वाटायचं, प्रत्येक धार 9 ला कापायची, ही एक ओळ लिहिणाऱ्याने लिहिली नव्हती. त्याला ती इतकी सवयीची असेल की लिहायला पाहिजे हेच सुचलं नसेल. ती एक ओळ नसल्याने माझी रात्र गेली, आणि पडवीत बसलेल्या त्या मुलाला मी काय तोंड दाखवणार हेच डोक्यात.

बाबा उठून आले. बघितलं आणि म्हणाले, "पुस्तकात बघून काय करतलस? पेटी उचलतलो कोण ता बघ आधी." मग त्यांनी उरलेल्या दोन लांब फळ्या घेतल्या, खांदा येतो तिथे आतल्या बाजूने अर्ध्या अर्ध्या इंचावर करवतीने सहा आडवे चिरे मारले, पाऊण इंचातलं जेमतेम एक सूत लाकूड शिल्लक राहील इतके खोल, आणि चुलीवरचं उकळतं पाणी हळूहळू त्या चिऱ्यांवर ओतायला लावलं. मी ओततोय आणि ते दोन्ही हातांनी फळी जवळ घेतायत, अगदी हळू, लाकूड आवाज करायला लागलं की थांबायचं, परत पाणी. आजोबांबरोबर होडीच्या फळ्या गरम पाण्यावर वाकवायचे ते, तो हात होता. फळी वाकली. अख्खी बाजू एका फळीची, खांद्यावर सांधाच नाही. पहाटे पाचला पेटी उभी होती. आईने स्वतःच्या ट्रंकेतलं पांढरं कापड काढून आत लावून दिलं.

त्यानंतर लोक विचारायला लागले. आमच्या जिल्ह्यात मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी सगळीकडे ख्रिश्चन वस्ती आहे, 2005 पासून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत पण आहे, सावंतवाडीला त्याचं मुख्य चर्च. एका वर्षात महिन्याला दोन-तीन पेट्यांची कामं यायला लागली, मी कुडाळचं काम सोडून घरी आलो. बायको आतल्या अस्तराचं शिवणकाम बघायला लागली, आता त्या भागात तिच्या परवानगीशिवाय मी काही बदलत नाही.

पण पहिल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट झाली ती लिहिलीच पाहिजे. तळ मी खालून खिळ्यांनी ठोकायचो, आंब्याच्या पेटीला ठोकतात तसा. ऑगस्टमध्ये एका घरातून पेटी निघाली, पाणंदीतून चिखलातून खांद्यावर, आणि पायाकडे तळ एका बाजूने बोटभर उघडला. पडलं काही नाही, एका माणसाने खालून हात लावला आणि तो तसाच हात लावून कबरीपर्यंत चालत गेला. कोणी मला एक शब्द बोललं नाही. मी मागे चालत होतो आणि मला फक्त तो हात दिसत होता.

खालून ठोकलेल्या खिळ्यावर सगळं वजन ओढीचं येतं, माणसाचं वजन खिळ्याला लाकडातून बाहेर खेचत असतं, आणि पावसात लाकूड फुगतं-आकसतं तसा खिळा आणखी सैल होतो. त्याऐवजी तळाची फळी बाजूंच्या आत बसवली, बाजूंमधून आडवे स्क्रू तळाच्या धारेत घेतले आणि शिवाय तळाखाली आडव्या पट्ट्या मारून त्यांच्याही टोकांत बाजूंमधून स्क्रू घेतले, की वजन स्क्रूला आडवं येतं, तो तुटल्याशिवाय तळ सुटत नाही. त्या पट्ट्यांचा आणखी एक उपयोग असा की कबरीत उतरवताना दोर खालून जातात, एक खांद्याखाली आणि एक गुडघ्यांखाली, आणि पेटी टेकल्यावर ते दोर ओढून काढायला पट्ट्यांमुळे जागा राहते. हे मला कबर खणणाऱ्या माणसाने सांगितलं, कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं.

तेव्हापासून मी गाइड वाचायला लागलो ते वेगळ्या नजरेने. बरीच वाचली, व्हिडिओ बघितले. बहुतेकांत झाकणाचे वीस फोटो असतात, पॉलिश चमकतंय, वर क्रॉस, आणि तळाचा एकही नाही. व्हिडिओत जिथे खांद्याचा सांधा येतो तिथेच स्पीड वाढवून म्युझिक लावतात. अमेरिकन ड्रॉइंगमध्ये फळी 1 बाय 12 लिहिलेली असते ती प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद असते, तिथल्या दुकानात सगळ्यांना ते माहीत असतं, इथला सुतार मात्र पूर्ण एक इंच आणि पूर्ण बारा इंच कापून बसतो आणि मग तळ आत जातच नाही. माप आतून की बाहेरून हे अर्ध्या गाइडमध्ये लिहिलेलं नसतं. करवत स्वतः जितकी जाडी खाते ती धरलेली नसते. गोंदाला चोवीस तास, पॉलिशचे तीन हात, प्रत्येक हातानंतर रात्रभर सुकवा म्हणतात, आणि आमच्याकडे परदेशातून कोणी यायचं नसेल तर दुसऱ्या दिवशी माती असते. हे गाइड ज्यांनी लिहिलंय त्यांनी छंद म्हणून लिहिलंय, ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्यासाठी नाही, असं मला राहून राहून वाटतं आणि त्याचा मला राग येतो.

हवामानाचं पण तसंच. ते लिहितात लाकडात ओल 8 टक्के पाहिजे. आमच्याकडे मीटर लावला तर तीच आंब्याची फळी मे महिन्यात 13 दाखवते आणि ऑगस्टमध्ये 18 च्या वर जाते. झाकण घट्ट फिट केलं आणि पाऊस लागला तर ते ऐनवेळी बसत नाही, म्हणून आम्ही पावसाळ्यात झाकणाला चारी बाजूंनी एक सूत जास्त मोकळीक देतो. पार्टिकल बोर्ड तर मी शेडमध्ये येऊच देत नाही, पाणी लागलं की भाकरीसारखा फुगतो. सनमायका लावून द्या, पितळी सगळं लावून द्या असं काही जण सांगतात, मी समजावतो की गावच्या सिमेट्रीत जागा थोडी, काही वर्षांनी तीच कबर परत उघडावी लागते, तेव्हा लाकूड मातीत गेलेलं पाहिजे. वसईकडे काही पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, तर पेटीशिवाय, नुसत्या कापडात गुंडाळून पुरायला लागलेत. माझा धंदा पेटीचा असला तरी मला ते चुकीचं वाटत नाही.

चांगली माणसं पण भेटली या शोधात, म्हणजे स्क्रीनवरच. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ गावात 2010 मध्ये एका निवृत्त नर्सबाईंनी क्लब काढला, म्हातारी माणसं एकत्र येऊन स्वतःची शवपेटी स्वतः बनवतात, रंगवतात, चहा पितात. अमेरिकेत लुइझियानात सेंट जोसेफ ॲबी म्हणून मठ आहे, तिथले साधू साध्या लाकडी पेट्या बनवून विकायला लागले तर तिथल्या राज्याचा नियम आडवा आला, की पेटी फक्त परवानाधारक अंत्यविधीवाल्यांनीच विकायची. साधू कोर्टात गेले आणि 2013 मध्ये अपिलात जिंकले. हे वाचून मला फार बरं वाटलं. पेटी ही घरच्या माणसांनी बनवायची गोष्ट आहे हे दुसरीकडे पण कोणाला तरी वाटतंय.

म्हणून 2018 पासून आम्ही किट द्यायला लागलो. फळ्या कापून, धारा 9 डिग्रीला काढून, भोकं पाडून, स्क्रू आणि अस्तर सोबत. ज्यांना घरी आपल्या हाताने जोडायची आहे त्यांच्यासाठी. एका पेटीला दोन घनफूटाच्या आसपास लाकूड जातं, कापताना वाया जातं ते धरून अडीच, रायवळ आंब्यात वजन 38-40 किलो भरतं, पाइनमध्ये 30. हँडल स्क्रूने नाही, आरपार बोल्ट आणि आतून वॉशर-नट.

आणि सोबत आमचं स्वतःचं गाइड, एक पान, पाठपोट. ते एक पान लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. मापं इंच आणि सुतात, सगळी आतली, आणि हे पानाच्या सगळ्यात वर मोठ्या अक्षरात. पहिलं चित्र तळाचं. प्रत्येक पायरीला का ते एका ओळीत, कारण का कळलं की माणूस चुकला तरी स्वतः सुधारतो. पान तयार झालं की मी ते माझ्या भाचीला देतो, तिने हातात कधी पटाशी धरलेली नाही, आणि मी तिथून निघून जातो. परत आल्यावर ती जिथे अडकलेली असेल तिथे चूक तिची नाही, पानाची. असं सात वेळा केलं. पाचव्यांदा ती रडकुंडीला आली कारण मी "उलटी करा" लिहिलं होतं आणि कशाच्या उलटी ते लिहिलंच नव्हतं.

2020-21 मध्ये काम खूप होतं. त्या दिवसांबद्दल इथे जास्त लिहवत नाही. त्या दोन वर्षांत घरी जोडायला कोणाला वेळ नव्हता आणि परवानगी पण नव्हती, सगळ्या पेट्या आम्हीच जोडून दिल्या.

आता बाबा शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात, रंधा हातात घेत नाहीत, पण फळीवर बोट फिरवून ओल आहे की नाही सांगतात आणि मीटर नंतर तेच दाखवतो.

गेल्या डिसेंबरात एक अंकल आले, आयुष्यभर बोटीवर होते, आता सत्तरी पार. म्हणाले मला माझी पेटी मीच बनवायची आहे, मुलं बाहेर आहेत, त्यांची रात्रीची धावपळ नको. तीन शनिवार आले. मी काही सांगायचं नाही, फक्त पान द्यायचं, अशी त्यांचीच अट. सावकाश, प्रत्येक स्क्रू हाताने. तिसऱ्या शनिवारी झाकणाजवळ येऊन थांबले आणि मला हाक मारली. पानावर झाकणाचे स्क्रू घ्या लिहिलंय, म्हणाले, पण कधी? आता घेतले तर फादर प्रार्थना म्हणतील तेव्हा झाकण उघडं कसं ठेवणार, आणि तिथे सिमेट्रीत रडणाऱ्या पोरांनी ड्रिल आणायचं का? बरोबर होतं. सात वेळा तपासलं तरी हे सुटलं होतं, कारण भाची प्रत्येक वेळी झाकण लावूनच संपवायची. भोकं आधी पाडून ठेवायची, स्क्रू कापडाच्या पुरचुंडीत आत पायाकडे ठेवायचे, आणि शेवटी हाताने फिरवता येतील असे मोठ्या डोक्याचे घ्यायचे, हे आम्ही दोघांनी तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलने लिहिलं.

त्यांनी पेटी टेम्पोत घालून घरी नेली, माळ्यावर ठेवलीय, बायकोच्या गोधड्या त्यात भरल्यात. सोमवारी मी पान नव्याने छापून आणलं आणि आधी किट नेलेल्या चार घरांत जाऊन जुनं पान बदलून दिलं.