दिवस पाचवा : थांबलो की भिजलो

पहाटे साडेचारला जाग आली ती पत्र्यावरच्या आवाजाने. डोळे न उघडताच कळलं, आज रेनकोटचे पैसे वसूल होणार.

नऊ दिवसांची सफर, अकरा सायकली. पहिले चार दिवस ऊन आणि धूळ सोडून काही मिळालं नव्हतं. ‘एखादी सर आली तर मजा येईल’ हे त्या चार दिवसांत सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हणालो होतो, आणि अंधारात बूट शोधताना दोघांनी मला त्याची आठवण करून दिली. बाहेर आली होती ती सर नव्हती. सर येते आणि जाते. ही संततधार होती, घाई नसलेली, दिवसभर मुक्काम ठोकायच्या तयारीने आलेली.

निघण्याआधी दादाने (म्हणजे आमच्या म्होरक्याने, वयाने तो माझ्याहून लहान आहे) सगळ्यांना टायरमधली हवा थोडी सोडायला लावली. ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती, ती ७० केली. टायर जरा मऊ झाला की रस्त्याला जास्त धरून राहतो. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका हवा सोडता सोडता म्हणाले, “पण पाण्यावर टायर तरंगणार नाही का? मोटारीचा तरंगतो तसा?” तरंगत नाही. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब कमी असतो आणि तो रुंद असतो, म्हणून त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो. आमच्या अरुंद टायरला ७० च्या दाबाने तरंगायचं तर ताशी सव्वाशेच्या पुढे जावं लागेल. काका म्हणाले, “उतारावर माझा भरवसा नाही.”

घसरायला होतं ते दुसऱ्याच गोष्टींमुळे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओली पानं. आणि पावसाचा पहिला तासभर, जेव्हा डांबरावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल पाण्यावर येतं आणि त्याचे इंद्रधनुषी डाग दिसायला लागतात. फार सुंदर दिसतात. त्यांच्यावरून जाताना वळू नये आणि ब्रेक दाबू नये, एवढंच.

पहिले वीस किलोमीटर खरंच मजेत गेले, खोटं कशाला सांगू. लहानपणी साठलेल्या पाण्यातून सायकल घालायचो त्याच उत्साहाने अकरा प्रौढ माणसं डबक्यांतून जात होती. मग डबकी खोल निघायला लागली. एरवी पुढचा ओरडतो, “खड्डा, डावीकडे!” आणि हाक मागपर्यंत पोचते. आज खड्डा पुढच्यालाच दिसत नव्हता. त्यामुळे तो फक्त “पाणी!” ओरडायचा आणि पुढचं ज्याचं त्याचं नशीब.

कोरड्या दिवशी आम्ही एकमेकांच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवतो. पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नाही, दम वाचतो. पावसात ते जमत नाही. एक तर ओल्या रिमवर ब्रेक दाबला की पहिले एक-दोन फेरे तो नुसतं पाणी पुसतो, पकडतो त्यानंतर. शिवाय पुढच्याच्या चाकाचं कारंजं थेट तोंडावर येतं, आणि त्यात रस्त्यावरचं जे जे काही असतं ते सगळं असतं. मडगार्ड काढून ठेवलेले आमच्यात दोन शौकीन होते. सायकल देखणी दिसते म्हणे. आठव्या किलोमीटरला त्यांना सर्वानुमते शेवटी पाठवलं. शेवटी मी होतो.

रेनकोटबद्दल एक सांगून टाकतो, कारण निघायच्या आधी मी त्यावर तीन आठवडे वाचन केलं होतं. बॉब गोर या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून असं सच्छिद्र कापड शक्य केलं, ज्यातून घामाची वाफ बाहेर जाते पण पाण्याचा थेंब आत येत नाही. अफाट कल्पना. पण वरचं कापड पाणी पिऊन जड झालं आणि माणूस चढाला लागला की वाफेला बाहेरची वाट राहत नाही. दहा वाजेपर्यंत महागड्या रेनकोटवाले आतून भिजले होते, साध्या प्लॅस्टिकवाले आतूनच भिजले होते, आणि काहीच न घातलेले काका बाहेरून. पायडल मारत होतो तोपर्यंत कुणालाच थंडी वाजत नव्हती.

सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला, घाटाच्या निम्म्यावर, माझं मागचं चाक बसलं.

पावसात पंक्चर जास्त होतात हा काही वहिमाचा भाग नाही. रस्त्यावरची काच, खडे, तारा वाहून कडेला येतात, आणि कडेनेच तर आपण चालवतो. वर ओलं रबर सहज चिरतं, पाणी तिथे तेलाचं काम करतं. मी दोनदा शिट्टी वाजवली. पहिल्या दिवशी दादाने घातलेला नियम असा, की एकासाठी सगळे थांबायचं. सगळे थांबले. आसपास एक झाड नाही, छप्पर नाही. एका बाजूला कडा, दुसरीकडे ढग.

माझी जादा ट्यूब पॅनियरच्या (चाकाशेजारी लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी होती. का होती ते विचारू नका. म्हणजे कोरडे कपडे, कोरडे मोजे, कोरडी वही, सगळं एकेक करून भर पावसात बाहेर आलं आणि ओलं होऊन परत आत गेलं. जुन्या ट्यूबला पॅच लावायचा प्रयत्न फुकट गेला. ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही. नवी ट्यूब टाकायची, पण टायरमध्ये घुसलेलं जे काही होतं ते काढल्याशिवाय टाकून उपयोग नव्हता. मी आतून बोट फिरवलं. काही लागेना. बोटांच्या मनुका झाल्या होत्या. (ही सुरकुती नुसतं पाणी मुरून येत नाही, मज्जातंतू ती मुद्दाम घडवून आणतात, बोटाची नस तुटली असेल तर तासभर बुडवूनही ते बोट सुरकुतत नाही.) शेवटी मोजा काढला आणि टायरच्या आतून फिरवला. एका जागी धागा अडकला. तिथे तीनेक मिलिमीटरची पोलादी तार होती, केसाइतकी बारीक. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या असल्या तारा रस्त्यावर विखुरतात. ती चिमट्यात येईना. दातांनी ओढली.

हवा मारून होईपर्यंत सव्वीस मिनिटं गेली होती. मी वर पाहिलं तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

आमच्यातला सर्वांत लहान मुलगा, एरवी तोंड मिटत नाही असा, रेनकोटची चेन लावायचा प्रयत्न करत होता. चेन दिसत होती, बोटं तिच्यापर्यंत जात होती, पण धरता येत नव्हती. “मी ठीक आहे,” तो म्हणाला, एकेक अक्षर सुटं करून. दात इतके वाजत होते की शेजारच्याला ऐकू यावेत. आमच्यात एक डॉक्टर आहेत, सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. ते म्हणाले, “मी दातांचा आहे. दात वाजतायत म्हणजे तसं माझंच खातं.” आणि मग अजिबात न हसता त्यांनी त्याचा रेनकोट उतरवला. आत सुती टी-शर्ट. सूत पाणी धरून ठेवतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पटींनी लवकर ओढून नेतं. काकांनी त्यांच्या पिशवीच्या पिशवीच्या पिशवीतून एक जुनं लोकरी बनियन काढलं. लोकर भिजली तरी ऊब टिकवते. बनियन, त्यावर छातीवर दुमडलेली प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर रेनकोट. चॉकलेट भरवलं, अक्षरशः भरवलं.

मग तिथेच, पावसात, काका आणि दादाची जुंपली.

“माणसाला मागे सोडून जायचं नाही, हे ठरलंय.”

“सोडून कोण जातंय? पुढे जायचं म्हणतोय. दोघं थांबतील, बाकीचे हळूहळू चालवत राहतील, छप्पर दिसलं की उभे राहतील.”

काकांचं म्हणणं असं, की पाऊस माणसाला गारठवत नाही, पावसात थांबणं गारठवतं. दाखला म्हणून त्यांनी २००७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस काढली, फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकल सफर. १२०० किलोमीटर, ९० तासांची मुदत, आणि त्या वर्षी इतका पाऊस की जवळपास तीस टक्के लोकांनी मध्येच सोडली. ते स्वतः तिथे नव्हते, पण सांगतात असे की जणू स्वयंसेवक होते. दादा गप्प झाला. त्याला नियम मोडल्याचं दुःख होतं, आणि मला, कारण सव्वीस मिनिटं माझी होती. पण काका बरोबर होते असं मला तेव्हाही वाटलं. अकरा जणांनी गोठून एकाचं पंक्चर लवकर निघत नाही. नियम बदलला.

चढ संपला आणि खरी परीक्षा उताराला आली. चढावर शरीर भट्टी असतं. उतारावर पाय रिकामे आणि वारा मोकळा. माझी बोटं ब्रेकवर होती हे मला फक्त दिसत होतं, जाणवत नव्हतं. गरज नसताना पायडल मारत राहायचं, ब्रेक आधीपासून हलका धरून ठेवायचा, दोन सायकलींत मोठं अंतर, आणि दर वळणानंतर सरळ रस्ता आला की एकेक हात झटकायचा. चौदा किलोमीटरचा तो उतार चढापेक्षा जास्त वेळ चालला असं मी शपथेवर सांगेन. काट्याप्रमाणे मुळीच चालला नव्हता.

उरलेल्या वाटेत सांगण्यासारखं काही नाही. पाऊस होता.

मुक्कामी एक लांबलचक हॉल मिळाला. अर्ध्या तासात त्यात दोऱ्याच दोऱ्या. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाने काढून नवे कोंबले; दुसऱ्या खेपेला ते जरा कमी ओले निघाले. चेनमधलं तेल धुऊन गेलं होतं, दिवसभर ती चिमण्यांसारखी चिवचिवत होती. आधी पुसून कोरडी करायची आणि मग तेल, उलटं केलं तर वाळूसकट तेल आत बसतं. दादाच्या डिस्क ब्रेकचे पॅड सकाळी निम्मे होते, संध्याकाळी धातूला टेकले होते. वाळू आणि पाणी मिळून पॉलिश पेपर होतो. माझा ‘वॉटरप्रूफ’ दिवा उघडला, तर आत मासे सोडता आले असते. ती तार मी पाकिटात ठेवली.

पहाटे साडेचारला पुन्हा जाग आली. पत्रा गप्प होता. अंधारात कुणीतरी दोऱ्यांखालून चाचपडत फिरत होतं, एकेक कपडा हाताने ओळखत.

“माझं बनियन कुठे वाळत घातलंय रे?” काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

वाळत घातलंच नव्हतं. कोपऱ्यात धाकटा ते अंगात घालूनच घोरत होता.