दाढीवाला स्पॉक

"मामा, पण ह्या दुष्टांना लगेच कसं पकडलं?" काल रात्री भाचीने चिवड्याची वाटी खाली न ठेवता विचारलं.

'स्टार ट्रेक' ही अवकाशयानाची मालिका बघत होतो, १९६७ चा 'मिरर, मिरर' हा भाग. माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राच्या गोंधळात यानाचा कप्तान कर्क आणि आणखी तिघे समांतर विश्वात जातात, तिथले त्यांचे क्रूर अवतार इकडे येतात. आपले चौघे तिकडे निभावून नेतात. इकडे आलेले मात्र आल्या आल्या कोठडीत! कर्कचा सहकारी स्पॉक, त्याचं म्हणणं साधारण असं, की सभ्य माणसाला रानटीपणाचं सोंग जमतं, रानट्याला सभ्यतेचं नाही. भाचीला पटलं.

मला मात्र दुसरंच टोचत राहिलं. तिकडे शिक्षेचं यंत्र ज्याचं त्यानेच जवळ बाळगायचं. चूक झाली की तिकडचा, दाढीवाला स्पॉक ते मागतो आणि कर्मचारी स्वतःच काढून त्याच्या हातात देतो. झटापट नाही, काही नाही. दाढीचं काय घेऊन बसलात, ती आता सगळेच ठेवतात.

आज ऑफिसात वीस मिनिटं उशीर झाला. साहेबांनी काही विचारायच्या आत मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोकळा.

तुम्हीही टाकता का?