दोन डोंगर आणि मधला सूर्य

रविवार, रात्र

दुपारी जेवणं आटोपल्यावर कागद पसरून बसले. पाऊस लागून राहिलाय, रंग वाळायचं नाव घेत नाही. पण या प्रकाराला ओला कागद बरा पडतो. काय काढायचं ते आधी ठरवायचं नाही, खोडरबर जवळ ठेवायचं नाही, बिघडलं म्हणून कागद फाडायचा नाही. एवढेच नियम. इंट्युइटिव्ह पेंटिंग म्हणतात याला. जाहिरातींत त्याच्यासोबत मेणबत्त्या, बासरी आणि 'अंतर्मनाशी संवाद' असतो. आमच्याकडे शेजारच्यांचा मिक्सर चालू होता.

गंमत म्हणजे हात मोकळा सोडला की तो आधी अंतर्मनात वगैरे जात नाही, थेट शाळेत जातो. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली वळत जाणारी नदी. ते झालं की एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी बाहेर पडते: संकल्पचित्रातली पानंफुलं, दोन्ही बाजू सारख्या, रंग रेषेबाहेर जाता कामा नये. त्या परीक्षांनी हाताला वळण लावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्स्फूर्त म्हणून पहिल्यांदा जे उतरतं, ते बहुतेक पाठ केलेलंच असतं. हा साठा संपेपर्यंत कंटाळत बसून राहायचं, खरं काम तेवढंच, असं माझं मत होत चाललंय.

आज तो लवकर संपला. मग नुसता अल्ट्रामरीन निळा पाण्यात सोडला आणि त्याच्या शेजारी तांबूस तपकिरी बर्न्ट सायना. दोन्ही एकमेकांत शिरले तिथे पावसाळी ढगाचा करडा तयार झाला, पण एकजीव नाही. निळ्याचे कण कागदाच्या खाचांत बसले आणि तांबूस पाणी त्यांच्यामधून पुढे सरकलं. कडा अर्धवट सुकत आली असताना ब्रशचा एक थेंब चुकून पडला. त्याने आधीचा रंग बाहेर ढकलत नेला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड उठली. परीक्षेत याचे मार्क कापले असते. मी ती कड पुढे सरकायची थांबेपर्यंत बघत होते, आणि तेवढा वेळ सोमवारची कामं डोक्यात आली नाहीत. माइंडफुलनेस म्हणून जे काही सांगतात ते हेच असेल तर मला चालेल.

उत्स्फूर्त म्हणजे झटपट, हे मात्र मला पटत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचंच बघा. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेली. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची बोथट सुरी) घेऊन थरावर थर चढवायचे, काढायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास होत. बाकीचा वेळ बसून राहण्यात जाई. उलट रवींद्रनाथांचं: हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून चित्रविचित्र प्राणी निघू लागले, आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा वय सत्तरीकडे झुकलेलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं, म्हणजे पाठ केलेले डोंगरही नसणार. हेवा वाटतो.

स्वतःचा शोध वगैरे शब्द मला जड जातात. पण जुने कागद एकाखाली एक लावून पाहिले तर एक गोष्ट लपत नाही: मी पांढरं काही शिल्लक ठेवत नाही. कोपरेसुद्धा भरते. हे नुसतं कागदापुरतं नाही. आई फोनवर बोलता बोलता जरा थांबली की मी लगेच "गोळ्या घेतल्यास का? बाई आली होती का?" असं सुरू करते. समोरचं माणूस गप्प झालं की मला आपलंच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. रंगांचा अर्थ लावणाऱ्यांनी माझ्या निळ्यावरून काहीबाही सांगितलं असतं. माझ्या मते निळा ट्यूबमध्ये जास्त उरला होता, इतकंच. कोपऱ्यांचं मात्र खरं आहे.

म्हणून आज उजवीकडचा वरचा तुकडा कोरा ठेवला. हात तीनदा तिकडे गेला. लेकीने येऊन बघितलं आणि म्हणाली, "आई, इथे द्यायचा राहिला रंग." मी "हो" म्हटलं. अजूनही तो तुकडा खटकतोय, म्हणून कागद सुकल्या सुकल्या गादीखाली सरळ व्हायला ठेवला आणि ब्रश धुऊन टाकले. नाहीतर रात्रीतून भरून टाकला असता.