एकच १९९९, दोन पुस्तकं

खेळाडूंची आत्मचरित्रं वाचायची आणि त्यावर लिहायचं हे माझं काम, आणि खरं सांगू का, बरीचशी एकाच साच्यातली असतात, आधी हलाखी नाहीतर आजार, मग मेहनत, मग मेडल, शेवटी सगळ्यांचे आभार. पण एकदा संपादकांनी लान्स आर्मस्ट्राँगचं २०००चं आणि टायलर हॅमिल्टनचं २०१२चं अशी दोन पुस्तकं जोडीने परीक्षणाला दिली. दोघं एकाच टीमचे सायकलपटू, आणि १९९९ म्हणजे कॅन्सरमधून उठून आर्मस्ट्राँगने पहिल्यांदा टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली ते वर्ष. मग मी सरळ दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि १९९९ची पानं आळीपाळीने वाचत बसले, दिवस कसा गेला कळलं नाही.

आर्मस्ट्राँग सांगतो, वजन उतरवायला मी जेवण काट्यावर मोजून खायचो. हॅमिल्टन सांगतो, त्या वर्षी फ्रान्समध्ये नीसला लान्सच्या घरी ईपीओ हे बंदी असलेलं औषध मागितलं तर त्याने आरामात फ्रिजकडे बोट दाखवलं, दुधाच्या शेजारीच ठेवलेलं. ईपीओने लाल पेशी वाढतात, तेव्हा त्याची टेस्टच नव्हती, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५० टक्क्यांच्या वर गेलं की रायडरला घरी बसवायचे, म्हणजे त्याच्या खाली रान मोकळंच की! काटा खोटा असेल असं मला अजिबात वाटत नाही. तो काटा इतका खरा वाटतो म्हणूनच फ्रिजचा संशय येत नाही, आणि डोपिंगचे आरोप तर आर्मस्ट्राँग पुस्तकात साफ झटकून टाकतो.

आता हॅमिल्टन तरी कुठला साधू, २००४ला दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल पकडला गेला आणि पुढे कित्येक वर्षं नाही नाहीच म्हणत होता. तरी मी त्याच्या बाजूने लिहिलं, कारण तो स्वतःची चोरी पण तेवढ्याच तपशिलाने सांगतो, आणि पुस्तकानंतर साधारण महिन्याभराने अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेचा आर्मस्ट्राँगच्या डोपिंगवरचा अहवाल आला त्यात २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी होत्या.

संपादक म्हणाले, मग जुनं पुस्तक थापा म्हणून निकालात काढा ना. मी म्हटलं नाही हो, आर्मस्ट्राँगचा कॅन्सर फुफ्फुसात आणि मेंदूत पोचलेला, आणि ब्लिओमायसिन या केमोच्या औषधाने फुफ्फुसं खराब होतील म्हणून त्याने दुसरी केमो घेतली, ती पानं आजही वाचण्यासारखीच आहेत, ती कशी फेकायची? कॅलिफोर्नियात काही वाचकांनी याच पुस्तकावरून कोर्टात केस केली होती की सत्यकथा म्हणून विकलंत आणि आत कादंबरी निघाली, २०१३ला न्यायाधीशांनी ती फेटाळली. हे पण परीक्षणात घातलं, जागेअभावी उडालं.

मग फोन आला, स्टार किती? हॅमिल्टनला चार दिले, आर्मस्ट्राँगचा रकाना रिकामा सोडा म्हटलं. रिकामा रकाना पानावर बरा दिसत नाही म्हणून त्यांनी स्वतःच दोन टाकले.