‘त्यांच्या मानाने छान’

“त्यांच्या मानाने छान केलंय हो!” आज ‘येलो’चा विषय निघाला तेव्हा कानावर आलेलं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

कुणाच्या मानाने? २०१४ च्या त्या चित्रपटात डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारी जन्मजात अवस्था) असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाची खास दखल घेतली गेली. अभिनयाची, बरं का!

अशा कलाकारासोबत काम करायचं तर तयारी दिग्दर्शकाची हवी. संहिता छोट्या वाक्यांत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह आधीच हातात द्यावी. जिथे शूटिंग, शक्यतो तिथेच तालीम. एका वेळी एकच सूचना, आणि मग थांबायचं. प्रतिसादाला वेळ लागतो. त्या शांततेत घाईने दुसरी सूचना दिली की पहिलीही निसटते. ऐनवेळी संवाद बदलले की सगळं बिनसतं आणि खापर कलाकारावर फुटतं. प्रश्नसुद्धा त्यालाच विचारावेत, शेजारच्या आईला नाही.

इंग्लंडमध्ये ब्रायटनचा ऑस्का ब्राइट हा बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या चित्रपटांचा महोत्सव २००४ पासून चालू आहे. तिथे चित्रपट निवडणाऱ्यांतही बौद्धिक अक्षमता असलेले लोक आहेत.

आपल्याकडे निवड समितीवर अशी खुर्ची कोणता महोत्सव आधी मांडेल?